समितीतलं पाचवं नाव

जबलपूर,
१८ नोव्हेंबर २०२४

राजू,

आशीर्वाद आहेतच, ते पत्र वाचून झाल्यावर घे. टपालाने आलेलं पाकीट बघून तुला वाटेल, ताईचा फोन बिघडला की डोकं. फोन चालू आहे. डोक्याची खात्री देत नाही. मोबाईलवर लिहिलेलं कुठून कुठे जातं याचा मी धसका घेतलाय, आणि बोलायला गेले तर रडू येतं, म्हणून कागद घेतला.

गेल्या आठवड्यात बड्या फुहाऱ्याच्या बाजारात पडद्यांचं कापड घ्यायला गेले होते. दुकानदार ठाण उलगडत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "काहून हो शैलजाताई, आपल्याच माणसावर कागद करून राहिल्या तुम्ही? आणि तेही त्या शहपुऱ्याच्या पोरीसाठी?"

वळून बघते तर आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बायको. महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला माझ्या शेजारी बसणारी, आपल्यातलीच. साहेबांचं नाव मी तुलाही लिहिणार नाही.

तुला ठाऊक आहे, गेल्या वर्षीपासून आमच्या ऑफिसच्या तक्रार समितीची अध्यक्ष मी आहे. नोकरी करणाऱ्या बाईला ऑफिसात कोणी त्रास दिला, तर तिने आमच्याकडे यायचं. आम्ही चौघांनी तिचं ऐकायचं आणि तिचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा कायदाच आहे. या वर्षी एक तक्रार आली. ज्यांच्यावर आली त्यांना तक्रारीची प्रत दिली होती. त्यांनी ती घरी दाखवली नसणार, कोण दाखवेल? ती बाईच म्हणाली, "यांनी नाही सांगितलं मला. लोकांनी सांगितलं. रेकॉर्ड रूमची कडी आतून लावून बसली होती म्हणे, भारी नाटक."

राजू, कापड न घेताच मी घरी आले. कडीची गोष्ट तक्रारीच्या प्रतीत नाही. ती मुलगी आमच्यासमोर बसून, माझ्या हातचं पाणी पिऊन, थांबत थांबत बोलली होती. कडीची गोष्ट फक्त तिच्या जबानीत आहे, आणि जबानी फक्त कॉम्प्युटरवरच्या बंद फाइलीत. म्हणजे कोणीतरी फाइल उघडून वाचली.

आता कँटीनमध्ये चहाबरोबर तीच गोष्ट मिळते. तिच्या गावी, शहपुऱ्याला, वडिलांना फोन गेले. ते शुक्रवारी आले आणि तिला घेऊन गेले. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. म्हणाली, "मैडम, आपने कहा था चार लोगों के सिवा कोई नहीं पढ़ेगा." मी एकोणतीस वर्षं नोकरी केली, कोणापुढे खाली मान घालायची वेळ आली नव्हती.

कामाचं लिहिते. ते सगळं कुलूपबंद तूच करून दिलं होतंस, गेल्या वर्षी गणपतीत इथे होतीस तेव्हा. आमचा कॉम्प्युटरवाला या मजल्यावरच्या गप्पा त्या मजल्यावर पोचवतो, म्हणून मी त्याला हात लावू दिला नाही. आपल्या घरातलं माणूस बरं, म्हणून तुला बसवलं. तर आता ती फाइल कोणाकोणाला उघडता येते हे बघायचं कसं, ते मला अगदी पायरीपायरीने लिही. मी त्या माणसाला शोधून काढल्याशिवाय राहणार नाही.

तुझी,
शैलाताई

*

नागपूर,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. शैलाताईस राजूचा नमस्कार.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि भाजी करपली. घरातल्यांनी विचारलं काय झालं, तर सांगितलं, ताईची तब्येत. आता ते रोज तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, तू सांभाळून घे.

ताई, फार वाईट झालं. तू स्वतःला असं खाऊ नकोस. तू जे जपायचं ते जपलंस. तुझ्याइतकं तोंड बंद ठेवणारी बाई आपल्या घराण्यात दुसरी नाही, हे मी कुणालाही लिहून देईन.

पायरीपायरीने म्हणालीस, म्हणून नववीच्या वर्गाला सांगते तसं सांगते. फाइलवर जाऊन उजवं बटण दाब. "शेअर" असं येईल, ते दाब. खाली नावं दिसतील. ज्यांची नावं आहेत त्यांनाच ती उघडता येते. ज्याचं नाव नको असेल त्याच्यापुढे काढून टाकण्याची सोय असते. मग पासवर्ड बदल. स्वतःचं नाव आणि जन्मसाल जोडून पासवर्ड करू नकोस, तू तसंच केलेलं असणार.

आणि एक विचारते. तुमच्याकडे कागद स्कॅन कोण करतं? अशा ठिकाणी गळती बहुतेक तिथूनच होते.

इकडची खबर म्हणशील तर अपूर्वाच्या त्या जबलपूरच्या स्थळाला आम्ही नाही म्हणून कळवलं. पत्रिका जमत नव्हती. मार्गशीर्षात साखरपुडा करायचं चाललं होतं, पण मन घेईना. तुला फोन करणार होते, ते राहूनच गेलं. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आता बोलते.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते कळव.

तुझी,
राजू

*

जबलपूर,
४ डिसेंबर २०२४

राजू,

सापडला.

तू सांगितलंस तसं केलं. उजवं बटण, शेअर, आणि खाली दोनच ओळी आल्या. पहिली "समिती". ती तूच करून दिलेली, आम्हा चौघांची. आणि तिच्या खाली "अनुपम". बघून माझी कानशिलं गरम झाली. अनुपम आमचा लिपिक. जबानीचे कागद त्यानेच स्कॅन केले होते, त्यासाठी मीच त्याला फाइल उघडून दिली होती आणि नंतर त्याचं नाव काढायचं विसरले. इतकी वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. खालच्या आवाजात बोलतो, ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा पुडा ठेवतो, दुपारी मला न विचारता दोन आणून देतो. मी ती खाल्ली आहेत.

त्याला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, "अनुपम, फाइल तुमने पढ़ी और बाहर बताई." तो उभाच राहिला. म्हणाला, "मैडम, कागज़ स्कैन करके आपके हाथ में लौटाए थे. उसके बाद मैंने वो खोली ही नहीं." मी म्हटलं, यादीत तुझं नाव आहे. तर म्हणतो, "नाम तो आपने डाला था." मला असा राग आला की काय सांगू. मग दाराशी जाऊन म्हणाला, "आपके घर का कोई होता तो आप पूछतीं. मुझसे पूछा नहीं, मुझे बता दिया."

मी अहवाल लिहिला. चौकशी होईपर्यंत तो निलंबित झाला आहे. समितीवरच्या भानुमतीबाई, त्या बाहेरून येणाऱ्या वकील, म्हणाल्या, जरा थांबा. मी थांबले नाही. आधी त्या मुलीला मान खाली घालायला लावली, आता आणखी काय थांबायचं?

तिचं म्हणशील तर तिने तक्रार मागे घेतली. शहपुऱ्याहून टपालाने एका ओळीचा कागद आला. कारण लिहिलेलं नाही आणि सही वडिलांनी हात धरून करवल्यासारखी वाकडी. साहेब आता ऑफिसात छाती काढून चालतात. परवा मला म्हणाले, "चलो शैलजाताई, झालं गेलं." मी कपाटाची किल्ली शोधायचं निमित्त करून वाकले.

अपूर्वाचं स्थळ मोडलं ते वाचून, राजू, खरं लिहू? मला बरं वाटलं. का ते विचारू नकोस.

तू नसतीस तर मला हे उलगडलं नसतं. मोठे उपकार झाले.

शैलाताई

*

नागपूर,
१० डिसेंबर २०२४

ती. ताई,

घाई केलीस.

यादीत नाव असलं म्हणजे त्याने फाइल उघडली असं होत नाही. मी तुला ते नीट सांगितलं नव्हतं, चूक माझी. कोणी केव्हा पाहिली याची वेगळी नोंद असते. फाइल उघडून उजव्या कोपऱ्यातल्या बाणाच्या चिन्हावर दाब, तिथे ती मिळेल. ती बघण्याआधी त्या माणसाला घरी बसवायला नको होतं. त्याच्या घरी कोण कोण असेल?

आणि "समिती" या ओळीवर एकदा बोट ठेवून बघ. ती एक ओळ दिसत असली तरी आत नावं असतात. दाबलं की उघडतात.

मला एवढंच लिहायचं होतं. पाच वेळा लिहून फाडलं आणि प्रत्येक वेळी एवढंच उरलं.

अपूर्वाचं स्थळ मोडल्याचं तुला बरं का वाटलं, ते मी विचारणार नाही. विचारलं तरी तू सांगणार नाहीस, हे मला या वर्षी कळलं आहे.

राजश्री

*

जबलपूर,
१६ डिसेंबर २०२४

राजश्री,

दाबलं. उघडलं.

मी, भानुमतीबाई, बाकीचे दोन सदस्य. आणि तू.

आधी मला वाटलं, कॉम्प्युटरने माझ्या ओळखीचं कुठलंतरी नाव मध्येच आणलंय, तो काहीही करतो. मग तुझा तो फोटो दिसला, अपूर्वाच्या पदवीदानाच्या दिवशी काढलेला, जांभळी साडी. त्या साडीचे काठ मी निवडले होते. 

मग आठवलं. गणपतीत सगळं करून झाल्यावर तू म्हणाली होतीस, "थांब, चालतं की नाही ते माझ्या खात्यातून बघते." बघितलंस, चाललं, आणि आपण मोदकांचं सारण करायला उठलो. तुझं नाव तिथेच राहिलं. तू विसरलीस, मी बघितलंच नाही. समितीत कोण आहे हे मला ठाऊक होतं ना, मग कशाला बघायचं?

इथपर्यंत चूक आहे. इथपर्यंत मी तुला फोन करून हसले असते.

पण मग कोपऱ्यातल्या बाणावर दाबलं. अनुपमने खरंच कधी उघडलेली नाही. तू उघडलीस. दिवाळीच्या आधी, मी तुला अपूर्वाच्या स्थळाबद्दल उत्तर पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि एकदा नाही.

म्हणजे माझं पहिलं पत्र उभ्याने वाचताना तुला सगळं माहीत होतं. तरी तू मला पायऱ्या लिहून पाठवल्यास, पासवर्डावरून चिडवलंस, आणि विचारलंस, स्कॅन कोण करतं. त्या वाक्याने मी एका माणसाला घरी बसवलं.

मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं या हिंदी गावात राहून मी एकच हिशेब पाळला, की बाहेरचे ते बाहेरचे आणि आपलं ते आपलं. दार कोणासाठी बंद करायचं आणि कोणासाठी उघडं ठेवायचं हे मी आडनाव ऐकून ठरवत आले. आज मला स्वतःची शिसारी आली.

काहून केलंस? मला उत्तर पाहिजे.

शैलजा

*

नागपूर,
२२ डिसेंबर २०२४

ताई,

हो, मी उघडली.

तुमच्या तिथल्या शकुमावशीने स्थळ आणलं होतं. मुलगा आल्हाद, खरंच चांगला आहे, अजूनही म्हणते. मी तुला विचारलं, ताई, घर कसं आहे? एरवी तुला एखाद्या घराबद्दल विचारलं की तू पणजोबांपासून सुरुवात करतेस. त्यांच्या सुनेला चहा कसा लागतो इथपर्यंत येतेस. या वेळी तू लिहिलंस, "मुलगा सालस आहे. बाकी मी काही बोलू शकत नाही." संपलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मुलाचे वडील तुझ्या ऑफिसात, तू त्या समितीवर, आणि तू बोलू शकत नाहीस. आता दुसरं काय समजायचं होतं?

मुलीची आई इशाऱ्यावर थांबत नाही, ताई. मला शंका होती आणि माझ्याकडे किल्ली होती. ती माझ्याकडे राहिलीय हे मला त्याच वेळी आठवलं, आधी नाही, हे मात्र खरं मान.

उघडली आणि मुलाच्या वडिलांचं, हेमचंद्ररावांचं, नाव दिसलं. मग सगळं वाचलं. कडी लावून ती मुलगी आत बसली आणि बाहेरून ते हळू आवाजात तिचं नाव घेत राहिले, तिथे मी थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचलंय. पण धक्का त्यांचा बसला नाही. धक्का तुझा बसला. तुला हे ठाऊक होतं, आणि तू माझ्या पोरीला त्या घरात जाऊ दिलं असतंस. साखरपुड्याला आली असतीस, ओटी भरली असतीस, तोंड बंद ठेवून.

आम्ही नाही म्हटलं. शकुमावशीला पत्रिकेचं सांगितलं, तर ती म्हणाली, पत्रिका मीच जुळवली होती, मला शेंडी लावतेस काय? ती ऐकेना. अपूर्वाचं कुठेतरी बाहेर आहे असं बोलायला लागली. तेव्हा मी तिला सांगितलं, शपथ घालून. मुलीचं नाव सांगितलं नाही. शहपुऱ्याची मुलगी एवढंच म्हटलं, आणि कडीचं. तुमच्या ऑफिसात शहपुऱ्याहून येणारी एकच मुलगी आहे हे मला कुठून ठाऊक असणार? मावशीने आणखी दोन मुलींच्या आयांना सावध केलं. चांगल्याच मनाने केलं असेल. मग काय, तुमच्या दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या सगळ्या मराठी घरांत ते पोचलं.

पण तुझं पत्र आलं तेव्हा मी खोटी वागले. स्कॅनचं विचारलं तेव्हा मला खरंच वाटत होतं की दुसऱ्याही कोणीतरी फोडलं असेल. नाही, वाटत नव्हतं. तसं असावं अशी इच्छा होती. तू एका माणसाचं नाव लिहून पाठवलंस आणि मला जेवण जाईना. यादीतून माझं नाव काढणं एका बटणाचं काम होतं. काढलं नाही. तुझ्यासमोर उभी राहून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तुला ते दाबायला लावलं.

आता माझी गत तुझ्या हातात आहे. माझं नाव वर गेलं तर शाळेत कळेल. मुलांना संगणक शिकवणारी बाई दुसऱ्याच्या बंद फाइली वाचते, म्हटल्यावर मला कोण ठेवेल? "व्यवस्थेतील त्रुटी" असं लिहून भागत असेल तर बघ. त्या अनुपमचंही सुटेल. नसेल भागत तर नसेल. अपूर्वाला अजून काहीच सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आई पत्रिकेसाठी हटून बसली.

मी वाचलं याचं मला वाईट वाटतं का, असं तू विचारशील. वाचल्याचं नाही वाटत. बोलल्याचं वाटतं.

राजू

*

जबलपूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय राजू,

"व्यवस्थेतील त्रुटी" लिहून बघितलं. बसून दोन मसुदे केले. वाचायला फार छान वाटत होते. त्यात कोणी काही केलेलंच नव्हतं, सगळं आपोआप झालं होतं. तसा अहवाल गेला असता तर अनुपमवरचा ठपका पुसला गेला नसता, नुसता झाकला गेला असता. लोक म्हणाले असते, बाईने त्याला सांभाळून घेतलं.

म्हणून नावं दिली आहेत. पहिलं माझं, कारण बाहेरच्या माणसाला ऑफिसचं कुलूप करायला मी बसवलं आणि मग एकदाही बघितलं नाही. दुसरं तुझं. शकुमावशीचं सुद्धा आहे. तुला नोटीस येईल, शाळेच्या पत्त्यावर नको, घरच्या पत्त्यावर पाठवा एवढी विनंती केली आहे. ती मानतील का माहीत नाही. अपूर्वाला त्याआधी तू सांग. समितीचं अध्यक्षपद मी सोडलं, आता भानुमतीबाई बघतात. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल.

तू विचारलंस, मी अपूर्वाला त्या घरात जाऊ दिलं असतं का. यावर मी तुला कायद्याचं कलम लिहून पाठवणार होते. तसं नको. मी वाट बघत होते, राजू. दुसऱ्या कोणाकडून तरी तुला कळावं आणि माझं तोंडही बंद राहावं, याची. कळलं नसतं तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. आणि माहीत नाही याचीच भीती वाटते.

अनुपमकडे गेले. त्याच्या बायकोने पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी त्याची माफी मागितली. तो ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "लिखकर देंगी?" मी तिथेच लिहून दिलं. त्याने ते वाचलं, घडी केली आणि आत जाऊन ठेवलं. सोमवारपासून तो कामावर येतोय. दुपारी बिस्किटं आणत नाही.

मग शहपुऱ्याला गेले, प्रणालीकडे. नाव तू वाचलेलंच आहेस, आता तुझ्यापासून लपवून काय करू? सध्या तिकडे मटारचा हंगाम आहे, बाजारात हिरव्या गोण्यांमधून वाट काढावी लागते. ती अंगणात आईबरोबर मटार सोलत बसली होती. वडील मला बघून आत निघून गेले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फाइल कशी उघडी राहिली, कोणी वाचली, का वाचली, कोणाला सांगितलं. माझी बहीण आहे हेही सांगितलं. ती ओरडेल, हाकलून देईल, याची मी तयारी करून गेले होते. तिने तसं काही केलं नाही. शेंग हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "उन्होंने पढ़ा, और मान लिया?"

मी म्हटलं, हो.

"किसी से पूछा नहीं, सबूत क्या है?"

नाही.

"और लड़की का रिश्ता तोड़ दिया."

मी म्हटलं, तोडलं.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. आईनेही सोलायचं थांबवलं होतं. मग म्हणाली, "मैडम, आपने पानी पिलाया, सब ठीक से लिखा, बीच में टोका भी नहीं. पर इतने महीनों में एक बार नहीं कहा कि मैं तुम्हारी बात मानती हूं." मी म्हटलं, चौकशी चालू असताना आम्हाला तसं म्हणता येत नाही. ती म्हणाली, "पता है." रागाने नाही म्हणाली.  मी तिथेच ओट्यावर बसले.

राजू, तू तिचं घर उठवलंस. तिचं नाव तुझ्या आणि माझ्यामुळे बाजारात गेलं, हे तिला नीट कळतं आणि ती ते माफ करेल असं मला वाटत नाही. आणि तरी त्या सगळ्या कागदांमधला तिचा एकेक शब्द खरा धरून कोणी काही केलं असेल, तर ते फक्त तू. माझ्याकडे तिची फाइल कुलपात होती, आणि मी निवांत घरी जेवायला जात होते. हे मला अजून पचत नाही.

तक्रार पुन्हा द्यायची की नाही, हे तिने ठरवलेलं नाही. भानुमतीबाई म्हणतात, देता येईल. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "उन दीदी का नंबर देंगी? पहले उनसे बात करूंगी. फिर सोचूंगी."

मी दिला. तुला विचारलं नाही. काय बोलायचं ते तुझं तू ठरव, मी काही सांगणार नाही. अनोळखी नंबर बघून तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

फोन आला की उचल.

शैलाताई